अठ्ठावीस वर्षं की सहा महिने अकरा दिवस?

माझ्या धंद्यात पहिला प्रश्न विचारला की गिऱ्हाईक हमखास चिडतं. ते आलेलं असतं ताटाचा भाव, खुर्च्यांची संख्या आणि स्टेजचे फोटो बघायला, आणि मी वही उघडून विचारते, "कार्यक्रम कशासाठी करायचाय?" बहुतेक लोक एकमेकांकडे बघतात. एका कारखानदाराने तर मला सरळ सांगितलं होतं, "बाई, कशासाठी ते मी बघतो, तुम्ही मांडव बघा." त्यांच्या नव्या शेडच्या उद्घाटनाला परदेशी पाहुणे, सत्यनारायण, रोबोटकडून फीत कापणं आणि लावणी असं सगळं एकाच सकाळी झालं. पाहुण्यांनी हातावर दिलेलं तीर्थ सॅनिटायझर समजून दोन्ही हातांना चोळलं. कार्यक्रम कसा झाला, असं मालकांनी विचारल्यावर मी "छान झाला" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? छान म्हणजे कसा, हे आधी ठरलेलंच नव्हतं.

मी चिंचवडगावातली. लग्न होऊन आले ती मांडवाच्या धंद्यातच. सासऱ्यांनी सुरू केलेला, पुढे आमच्या ह्यांनी चालवलेला. बांबू, कनाती, गाद्या, समया, मोठी पातेली. मी सामानाच्या याद्या करायला बसले आणि याद्या करता करता लक्षात आलं, की मांडव घालणारे पुष्कळ आहेत, पण त्या मांडवात नेमकं काय व्हायला हवं हे ठरवून देणारं कोणी नाही. तिथून मी कार्यक्रम आखून द्यायला लागले. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांचे सुरक्षा सप्ताह, खंडेनवमीच्या पूजा, कुटुंबमेळावे, निरोप समारंभ. आता सूनबाई बघते. तिच्या कार्डावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलेलं आहे. माझ्या वहीवर नुसतं माझं नाव.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी एकच वाक्य लिहून घ्यायचे. कार्यक्रम संपवून माणसं चपला शोधत असतील, गाड्या काढत असतील, तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघालं पाहिजे? ते वाक्य सापडलं की स्टेज कुठे, भाषणं किती, गोड काय, हे सगळं आपोआप सुचतं. नाही सापडलं तर एक ना धड भाराभर चिंध्या. ताथवड्याच्या एका कॉलेजात मला या विषयावर बोलायला बोलावलं होतं. तासभर ठणकावून बोलले. तेच भाषण आज पुन्हा करा म्हटलं तर मला जमणार नाही, कारण मधे महाळुंग्याचा तो कार्यक्रम झाला.

खरं तर वाक्य सापडूनही घोटाळा होऊ शकतो, हे मला त्याआधीच कळायला हवं होतं. चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये बाहेरगावाहून नवीनच आलेला एक तरुण होता. त्याने मला पहिल्या बैठकीतच स्वच्छ वाक्य दिलं: मुलांनी म्हणावं, माझे बाबा हे काम करतात. मी खूश. कुटुंबमेळावा रविवारी ठरला. आता आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी असते गुरुवारी. विजेच्या वाटणीसाठी कधीकाळी ठरलं, ते तसंच चालू आहे. इथलं शेंबडं पोरही ते सांगेल. पण शाळेला सुट्टी कधी, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि त्या मुलाला तर रविवारखेरीज दुसरी सुट्टी असते हेच ठाऊक नव्हतं. रविवारी बायकामुलं नटूनथटून आली आणि बाप सगळे मशीनवर. मुलांना पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडून रांगेने फिरवलं. एक मुलगी हात हलवत राहिली. तिचा बाप गॉगल लावून उभा होता, त्याचे दोन्ही हात कामात होते, त्याला हात हलवता येईना. मुलांनी बापाचं काम डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे वहीतलं वाक्य अगदी खरं झालं. आणि मांडवात बायका जिलबीची ताटं पुढ्यात घेऊन एकट्या बसल्या होत्या. कार्यक्रम चांगला झाला की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

दुधाने तोंड पोळलं म्हणून मी ताकही फुंकून प्यायला लागले. वार, शिफ्ट, सुट्टी, सगळं तीन तीनदा विचारायचे.

अशात एक दिवस गणेश ढगे नावाचा तरुण माझ्याकडे आला. बरोबर इक्बालभाई म्हणून पन्नाशीपुढचे एक गृहस्थ होते. महाळुंग्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गणेशच्या वडिलांची, नामदेव ढग्यांची, सेवापूर्ती करायची होती.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार सांगायला हवा. आमच्याकडे कामगार निवृत्त झाला की घरचे लोक हॉल घेऊन समारंभ करतात. नवराबायकोला सजवलेल्या खुर्च्यांवर बसवायचं, शाल, श्रीफळ, पूर्ण पोशाख, बाईंची ओटी. गावाकडून टेम्पो भरून पाहुणे येतात. चौकात आठ दिवस फ्लेक्स लागतो. पुष्कळदा त्या माणसाच्या लग्नालाही एवढी माणसं आलेली नसतात. असे कितीतरी समारंभ मी केले होते आणि त्यात मला आता काही शिकायचं उरलंय असं वाटत नव्हतं.

"कंपनीतून कोण कोण येणार?" मी विचारलं.

गणेशने इक्बालभाईंकडे बघितलं. इक्बालभाई म्हणाले, "ताई, कंपनीतून कोणी येणार नाही. नामदेव परमनंट नव्हता. कॉन्ट्रॅक्टचा माणूस."

मग त्यांनी मला समजावलं. तरुणपणी ते आणि नामदेवकाका एकाच कंपनीत प्रेसवर लागले होते. पत्र्याला दाब देऊन आकार देणारं ते मोठं मशीन. काम कंपनीचं, पण नोकरी कॉन्ट्रॅक्टरची. सात महिने भरत आले की कॉन्ट्रॅक्टर ब्रेक देतो, म्हणजे सलग नोकरी दिसू नये म्हणून आठ-पंधरा दिवस घरी बसवतो, आणि मग नवा गेटपास देऊन पुन्हा त्याच मशीनवर उभं करतो. कागदावर माणूस दर वेळी नवा. इक्बालभाईंनी चार ब्रेक सोसले आणि दुकान टाकलं. नामदेवकाका राहिले. अठ्ठावीस वर्षं राहिले. नव्या पोरांना प्रेस शिकवायची ती त्यांनी, आणि त्यातली किती तरी पोरं परमनंट होऊन राखाडी शर्टात गेली. काकांचा शर्ट निळाच. आता साठी झाली, पुढचा पास मिळणार नाही, असं कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं होतं.

मी वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

गणेश म्हणाला, "मॅडम, लोकांनी म्हणावं, याच्या बापाने अठ्ठावीस वर्षं काढली राव. बस."

इक्बालभाई म्हणाले, "आणि कंपनीवाल्यांनी म्हणावं की आमचं चुकलं."

दोन वाक्यं झाली. ती एकमेकांच्या जवळ वाटली म्हणून मी पहिलंच ठेवलं.

दुसऱ्या बैठकीला नामदेवकाका आणि चंद्रकलाकाकू आले. परभणीकडचं जोडपं. काका बारीक, ताठ, खुर्चीच्या टोकावर बसलेले. बोलणं सगळं काकूंचं. "माह्या भावाला आजून वाटतं, ह्ये पुण्याला रोजानं जातेत," त्या म्हणाल्या. "कंपनीत हायेत म्हनलं तर हसायलेत. त्यायच्या समोर एकदा होऊन जाऊ द्या." हे तिसरं वाक्य. मी तेही पहिल्यात बसवून टाकलं. काकांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, गणेशने आणायला लावलेली. ती त्यांनी टेबलावर उपडी केली.

चाळिसाच्या वर गेटपास होते. सुरुवातीचे हाताने लिहिलेले, पुठ्ठ्यावर फोटो डकवलेले. पुढचे लॅमिनेशनचे. मी ते क्रमाने मांडत गेले. दाट काळ्या केसांचा, रोखून बघणारा एक तरुण हळूहळू कपाळावर मागे सरत गेला, मिशी करडी झाली, गाल आत गेले. एकाही फोटोत तो हसलेला नव्हता. शेवटचा फोटो मला हातातून खाली ठेववेना. आणि खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी माझ्यातली धंदेवाली जागी झाली. इतक्या वर्षांत मला इतकं स्पष्ट चित्र कधी दिसलं नव्हतं. स्टेजच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत हे सगळे फोटो मोठे करून लावायचे आणि मधोमध ठसठशीत आकडा: २८ वर्षे अखंड सेवा. 'अखंड' हा शब्द माझा. सेवापूर्तीच्या फ्लेक्सवर तो असतोच, त्याशिवाय मला वाक्य उघडं वाटतं.

गणेश उडालाच. इक्बालभाईंचे डोळे भरले. काकू म्हणाल्या, "लई भारी दिसंल." नामदेवकाका पास गोळा करून पुन्हा पिशवीत भरत होते. त्यांची मान खाली होती आणि मला वाटलं, माणूस गहिवरलाय.

कार्यक्रम गुरुवारी, महाळुंग्यातल्याच एका छोट्या हॉलमध्ये. बुधवारी दुपारी आम्ही स्टेज लावत होतो. फ्लेक्स ताणायचं काम सोपानमामांचं. आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर, मावळातले. शिडीवर चढलेले असताना त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली आणि इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस आत आला. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, मोरेसाहेब. बोलायला अत्यंत गोड. त्याने पाणी मागितलं, प्यायला, फ्लेक्सकडे बघत उभा राहिला.

"छान केलंय," तो म्हणाला. "फक्त तो आकडा बरोबर नाही."

"कसा नाही?"

"कागदावर, म्हणजे आत्ताच्या पासावर, ढगेमामांची सेवा सहा महिने अकरा दिवस आहे. तुम्ही अठ्ठावीस वर्षं लिहिलंय, वर अखंड लिहिलंय. उद्या कोणी हा फोटो घेऊन लेबर ऑफिसात गेलं, तर उत्तर मला द्यावं लागेल."

मी म्हटलं, घरचा कार्यक्रम आहे, हौसेने लावलंय. तो हसला. "माझं काहीच म्हणणं नाही हो ताई. मामांबद्दल मला आदरच आहे. पण गणेश आमच्याकडेच लागलाय ना? या वेळी कंपनी काही पोरांना परमनंट घेतेय. यादी आमच्याकडून जाते. त्यात त्याचं नाव आहे." मोटरसायकलची किल्ली काढत म्हणाला, "अजून तरी आहे."

तो गेला आणि मी खाली गादीवर बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बापाला जे अठ्ठावीस वर्षांत मिळालं नाही, ते पोराला मिळायच्या बेतात होतं, आणि त्याच्या आड मी लावलेला आकडा येत होता.

सोपानमामा शिडीवरून म्हणाले, "वैनी, ताणू का सोडू?"

"थांबा जरा."

"म्या थांबतोय, पन हात न्हाय थांबत. भरून आलाय."

फोन लावले. गणेश भडकला. "आकडा काढायचा नाही मॅडम. नाही लागलो परमनंट तर नाही लागलो. बापाची इज्जत विकून नोकरी नको." इक्बालभाई म्हणाले, "अगदी ठेवायचा. यांची हीच तर दहशत आहे." काकूंना फोन लावला तर त्या रडायलाच लागल्या. "ताई, झाका तेवढं. पाया पडते. माह्या लेकराचं निघायलंय, त्येला कामून आडवं घालता?" ज्यांच्या भावाला दाखवायला हा सगळा घाट, त्याच आता झाका म्हणत होत्या. माझ्या वहीत एक वाक्य होतं आणि ते आता कोणाचंच राहिलं नव्हतं. गणेशचं म्हणावं तर नोकरी त्याचीच जाणार होती. पण अठ्ठावीस वर्षं त्याची नव्हती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की ज्याची होती त्याला मी एकदाही प्रश्न विचारलेला नाही. काकूंना विचारलं, पोराला विचारलं, मित्राला विचारलं. उत्सवमूर्तीला मी नेहमी उंची विचारते, शाल कुठवर येईल म्हणून. बाकी काही विचारत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. चाळीसारख्या ओळीत दोन खोल्या. काका दारात बसून दुसऱ्या दिवशीचे बूट पुसत होते. मी मोरेसाहेबांचं सगळं सांगितलं. त्यांना माहीत होतं. मग मी विचारलं, "काका, तुमच्या मनात काय आहे? हा कार्यक्रम कशासाठी व्हावा?"

त्यांनी बूट खाली ठेवला. "मला वाटलं, तुमाला ठाऊक आसंल," ते म्हणाले. "इतकी मानसं पळायलीत, मी म्हनलं कायतरी आसंलच."

"नाही, पण तुम्हाला काय हवंय?"

"मला?" त्यांनी फडक्याची घडी घातली. "मला कोनी इचारलं नव्हतं, म्हनून इचार न्हाई केला. उद्या बगू."

मी शरमले. खरंच शरमले. एवढं ठणकावून कॉलेजात सांगणारी बाई, आणि हाताशी काय, तर 'उद्या बघू'. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फुलं सोड वरून. दिसेल दिसणार नाही असं." तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानमामांनी झेंडूची जाळी करून आकड्यावर सोडली. बाजूचे फोटो दिसत होते, मधे नुसती फुलं. हे शहाणपण होतं की भित्रेपणा, तेही मला ठरवता येईना. सोपानमामांना विचारलं तर म्हणाले, "फुलं ताजी हायती. बाकीचं आमाला काय ठावं?"

अकराच्या सुमारास हॉल भरला. गावाकडचे पाहुणे, शेजारीपाजारी, निळ्या शर्टातले बरेच आणि मागच्या बाजूला राखाडी शर्टातले दहाबारा जण. कंपनीतर्फे नव्हे, आपापले आलेले. सुट्टीच्या दिवशीही शर्ट कंपनीचाच घातलेला, कारण आमच्याकडे तो लग्नालाही चालतो. मोरेसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर मोबाइल. मी सूत्रसंचालनाला उभी राहिले. काका-काकूंना वाजतगाजत आणून खुर्च्यांवर बसवलं. काकू सारख्या मागच्या फुलांकडे बघत होत्या.

मी स्वागताचं वाक्य सुरू केलं आणि गणेश स्टेजवर चढला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पाय ठेवून वर झाला आणि झेंडूची जाळी दोन्ही हातांनी ओढून काढली. आकडा उघडा पडला. हॉलमध्ये एकदम शिट्ट्या, टाळ्या. इक्बालभाई उभेच राहिले. मोरेसाहेबांनी मोबाइल वर धरला, शांतपणे, लग्नात शूटिंग करतात तसा.

माझ्या क्रमपत्रिकेत पुढे शाल होती. मी शालीचं ताट शोधत होते, तोवर नामदेवकाका उठून माझ्याकडे आले आणि माइकसाठी हात पुढे केला. त्यांचं भाषण आम्ही ठेवलंच नव्हतं. ते बोलत नाहीत म्हणून.

त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "राम राम," म्हणाले. "ह्ये मागं जे लिवलंय ना, ते पोरांनी हौसेनं लिवलंय. मी कंपनीत सहा महिने अकरा दिवस काम केलं. कागदावर तसंच हाय. कागद खरा आस्तो. ह्ये आमचे मोरेसाहेब बसलेत, त्यायला इचारा. साहेब, शूटिंग चालूच ऱ्हाऊ द्या. नामदेव ढगे, सहा महिने अकरा दिवस. बास. जेवून जा समदे."

थोडे लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग मागच्या राखाडी शर्टांतला कोणीच हसत नाही हे दिसलं आणि हसणं विरलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचा भाऊ शेजारच्याला विचारत होता, "म्हंजी किती? नेमकं किती?" गणेश झेंडूची जाळी हातात घेऊन तसाच उभा होता. मोरेसाहेबांनी मोबाइल खिशात ठेवला आणि टाळी वाजवली. एकट्यानेच.

आजवर माझ्यावर स्टेज कोसळायची वेळ आलीय, वीज गेलीय, एकदा प्रमुख पाहुणेच भलत्या हॉलमध्ये जाऊन सत्कार घेऊन आले. दर वेळी मला काहीतरी सुचलं. त्या दिवशी सुचलं नाही. मी म्हटलं, "पंगती बसवून घ्या," आणि शाल घालायची राहिली.

जेवणं चालू असताना काका वाढायला उभे राहिले. स्वतःच्या सत्काराला. मी त्यांना बाजूला घेतलं. मला राग आला होता, पण कोणाचा, ते कळत नव्हतं. "काका, एवढ्या लोकांसमोर एवढं खोटं बोललात?"

त्यांनी हातातलं बुंदीचं ताट सावरलं. "खोटं कुठं बोललो, ताई? दर बारीला गेटवर माझं नाव नव्यानंच लिवायचे. नवा फोटो, नवा नंबर. ज्या पोराला मी शिकवला, त्योच पुढं सुपरवायझर होऊन मला म्हनायचा, नवीन आलाव का, जपून करा." मग म्हणाले, "मी कधी जुना झालोच न्हाई तिथं," आणि पुढच्या पंगतीकडे गेले.

इक्बालभाई जेवले नाहीत. पुढे ते ढग्यांकडे बरेच दिवस गेले नाहीत, असं ऐकलं. त्यांच्या डोक्यात एक लढाई होती आणि ज्याच्यासाठी लढायची तोच भर सभेत फिरला. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. काकांचं चुकलं असंही म्हणवत नाही. गणेशने फुलं ओढली तेव्हा मी स्वतः टाळी वाजवली होती, आणि काका बोलले तेव्हा पोरगं वाचलं म्हणून मला हायसंही वाटलं होतं. ही दोन्ही एकाच बाईची कामं.

दोनेक महिन्यांनी गणेश आमच्या गोडाउनवर आला. राखाडी शर्ट, नवा, घड्या न मोडलेला. पेढे आणले होते. अभिनंदन केलं तर नुसती मान हलवली. मग बांबूंच्या चळतीवर बसून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं? मी घ्यायला नको होतं का?"

आता पंचवीस-तीस वर्षं लोकांना हेच विचारत आले, तुम्हाला काय हवंय, आणि कोणी मला विचारलं, तर माझ्याकडे पुन्हा प्रश्नच. "बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाबा काही म्हणत नाहीत. शर्टाला इस्त्री करून देतात रोज."

तो गेल्यावर सोपानमामा आले. पेढा तोंडात टाकून हात धोतराला पुसला. "परमनंट झाला व्हय त्यो?"

"हो."

"म्हंजी आता त्याची वर्सं मोजनार."

"हो मामा, आता मोजणार."

त्यांनी दुसरा पेढा उचलला, खाल्ला नाही. सहज विचारावं तसं विचारलं, "वैनी, माजी किती झाली वो?"

मी बोटांवर मोजायला घेतलं. सासऱ्यांच्या वेळी आलेले, की त्यांच्यानंतर? माझ्या लग्नात मांडव त्यांनी घातला होता, की ते आणखी कोणी होतं? ह्यांना हाक मारून विचारलं, तर ते म्हणाले, "असतील की बरीच."

"बघून सांगते मामा," मी म्हणाले. ते "व्हय, व्हय" म्हणून कनाती झटकायला गेले. बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं.